दात गेला, पुढे काय? इम्प्लांट समजून घेऊ



वर्तकनगर, भीमनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर या भागातून पायी निघाले की थोड्या थोड्या अंतरावर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसते. पूर्वी पाटीवर ‘दात काढणे, कवळी बसवणे’ एवढेच लिहिलेले असायचे. आता ‘इम्प्लांट’ हा शब्द मोठ्या अक्षरात आला आहे आणि त्याखाली ‘हप्त्यांची सोय’ असेही दिसते. आरोग्य पानासाठी येणाऱ्या प्रश्नांतही हा शब्द वाढला आहे. इम्प्लांट म्हणजे नक्की काय? साखर असलेल्या माणसाला चालतो का? कवळी घेतली तर बिघडते का? आईचे सगळे दात गेलेत, तिच्यासाठी कर्ज काढावे का?

या अंकात या प्रश्नांची उत्तरे देत आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगतो. इम्प्लांट हा चांगला आणि पारखून घेतलेला उपचार आहे. पण दात गेलेल्या प्रत्येकाला त्याची गरज नसते. तंबाखू-मिसरी चालू ठेवून, साखर वाढलेली असताना किंवा सावकाराचे व्याज डोक्यावर घेऊन तो बसवला, तर पैसाही जातो आणि जबड्याचे हाडही जाते. म्हणून आधी समजून घ्या, मग ठरवा.

दात गेल्यावर तोंडात काय घडते

एक दाढ काढली की दुखणे थांबते आणि आपण ती विसरून जातो. तोंड मात्र विसरत नाही. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात हळूहळू त्या जागेत कलतात. समोरच्या जबड्यातला दात, त्याला टेकायला काही उरले नाही म्हणून, आपल्या जागेतून लांबतो. कललेल्या दातांच्या फटीत अन्न अडकते, तिथे कीड लागते आणि मग दुसरा दात जातो.

दुसरा बदल डोळ्यांना लगेच दिसत नाही. दाताच्या मुळाभोवतीचे हाड चावण्याच्या दाबामुळे टिकून असते. दात गेला की त्या हाडाला काम राहत नाही आणि ते झिजू लागते. झीज पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त होते. सगळे दात जाऊन बरीच वर्षे झालेल्या आजीचे गाल आत गेलेले आणि हनुवटी पुढे आलेली दिसते, ती या झिजलेल्या हाडामुळे.

याचा परिणाम ताटावर होतो. ज्वारीची भाकरी चहात भिजवून खावी लागते. शेंगदाणे, चणे, काकडी, मटण बंद होते. राहतो मऊ भात, पाव आणि बिस्किट. म्हातारपणात ज्या ताकदीच्या अन्नाची गरज असते, तेच ताटातून जाते. समोरचा दात गेला असेल तर तरुण मुलगा मुलाखतीत तोंड उघडायला कचरतो आणि मुलगी हसताना पदर किंवा हात तोंडावर धरते. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. चार माणसांत मान वर करून बोलण्याचा प्रश्न आहे, आणि आपल्या समाजाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

रिकामी जागा भरण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग कवळी. ती काढता-घालता येते. एका दातापासून पूर्ण तोंडापर्यंत बनते आणि सगळ्यांत स्वस्त पडते. वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी बसते. खालची मात्र जिभेच्या हालचालीने सुटते, म्हणून जास्त तक्रारी खालच्या कवळीच्या असतात. हाड झिजत जाते तशी कवळी सैल होते आणि काही वर्षांनी ती आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते. रात्री कवळी काढून, धुऊन पाण्यात ठेवावी.

दुसरा मार्ग ब्रिज, म्हणजे पक्का बसवलेला पूल. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात आणि तीन दातांची जोडलेली कॅप त्यांवर बसवतात. काम दोन-तीन आठवड्यांत होते आणि शस्त्रक्रिया लागत नाही. तोटा असा की एका दातासाठी दोन चांगले दात घासले जातात. शेजारच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल तर मात्र ब्रिज हाच शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो.

तिसरा मार्ग इम्प्लांट. यात शेजारच्या दातांना हात लावत नाहीत. गेलेल्या दाताच्या मुळाच्या जागी हाडातच नवे मूळ बसवतात.

इम्प्लांट म्हणजे काय

इम्प्लांटचे तीन भाग असतात. पहिला म्हणजे टायटॅनियम धातूचा लहान स्क्रू. तो साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो आणि जबड्याच्या हाडात बसतो. दुसरा म्हणजे त्यावर घट्ट होणारा जोड. तिसरा म्हणजे वर दिसणारी दाताच्या रंगाची कॅप. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त कॅप दिसते.

धातूचा स्क्रू हाडात कसा टिकतो, याची कथा स्वीडन देशातली आहे. पेर-इंगवार ब्रेनमार्क हे संशोधक १९५२ साली सशाच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी हाडात बसवली होती. काम संपल्यावर ती निघेना, कारण हाड तिच्याभोवती घट्ट वाढून तिला चिकटले होते. या गुणाचा उपयोग दातांसाठी होईल हे त्यांनी ओळखले. १९६५ साली गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसले. त्याच्या जबड्यात जन्मापासून दोष होता आणि खालचे दात नव्हते. २००६ साली तो वारला, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ ते इम्प्लांट त्याच्या तोंडात काम करत होते. १९८२ साली कॅनडातील टोरंटो येथे भरलेल्या परिषदेनंतर हा उपचार जगभर स्वीकारला गेला.

म्हणजे हा काल-परवाचा प्रयोग नाही. योग्य माणसाला, योग्य हातांनी बसवलेले इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त टिकून असतात, असा जगभरचा अनुभव आहे. पण ‘कायमचा दात, काही करायला नको’ असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कसा बसवतात, किती दिवस लागतात

आधी तपासणी होते. हाड किती उंच, किती रुंद आहे हे एक्स-रेने बघतात आणि गरज पडल्यास जबड्याचा थ्री-डी स्कॅन काढतात. रक्तातील साखर, रक्तदाब आणि चालू औषधे विचारतात. स्कॅन किंवा एक्स-रे न काढता कुणी इम्प्लांटची तारीख देत असेल तर तिथून उठावे.

बसवताना त्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. हिरडी उघडून हाडात बारीक छिद्र पाडतात. त्या वेळी पाण्याची धार चालू ठेवतात, कारण हाड तापले तर त्यातल्या पेशी मरतात आणि स्क्रू धरत नाही. स्क्रू बसवून टाके घालतात. एका इम्प्लांटला बहुतेक वेळा तासाभराहून जास्त वेळ लागत नाही. नंतर दोन-चार दिवस सूज आणि दुखणे असते, ते गोळ्यांनी आटोक्यात राहते. टाके आठ-दहा दिवसांत काढतात.

मग वाट पाहायची. हाड स्क्रूला धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात. वरचे हाड भुसभुशीत असते, म्हणून तिथे चार ते सहा महिने. त्यानंतर माप घेऊन कॅप बसवतात. हाड कमी पडत असेल तर आधी हाड भरावे लागते आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतात. काही निवडक रुग्णांत लवकर कॅप देता येते, पण ‘एका दिवसात दात’ ही जाहिरात प्रत्येकाला लागू नसते.

सगळे दात गेलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. प्रत्येक दाताला एक इम्प्लांट लागत नाही. खालची कवळी सुटत असेल तर जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच उपचार पहिल्या पसंतीचा ठरवला. आजीला पूर्ण तोंडाचे लाखोंचे अंदाजपत्रक मिळाले असेल तर ‘दोन इम्प्लांटवर कवळी होईल का?’ असे आवर्जून विचारा.

कुणी थांबावे

तंबाखू खाणाऱ्यांनी आणि ओढणाऱ्यांनी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. तंबाखू, मावा, गुटखा हिरड्या खराब करतात. सुपारीने तोंड आखडते, दोन बोटेसुद्धा आत जात नाहीत. अशा तोंडात इम्प्लांट बसवायला हत्यारही नीट पोहोचत नाही, आणि त्या आखडलेल्या तोंडाची कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी आधी करावी लागते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो टपरीवर मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या माता-भगिनींमध्ये मिसरीची सवय अजून आहे. दात घासायला म्हणून सकाळी बोटभर लावलेली मिसरी दिवसातून चार-पाच वेळा लागते. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात घट्ट होत नाहीत. हिरडी बधिर होते, म्हणून दुखणे कमी वाटते आणि आतला रोग वाढत राहतो. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. त्याचा अर्थ दारूपाशी थांबू नये. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

साखर ताब्यात नसलेल्यांनी. मधुमेहात जखम उशिरा भरते आणि हिरड्यांचा रोग लवकर वाढतो. बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटच्या वर्षांत किती त्रास दिला हे आपण वाचले आहे. साखर असली म्हणून इम्प्लांट होत नाही असे नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करून, आपल्या डॉक्टरांनी ठीक म्हटल्यावर तो करता येतो.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणासाठीची औषधे किंवा इंजेक्शने, जबड्याला दिलेली किरणोपचार पद्धती, यांची माहिती दंतवैद्याला आधी द्यावी. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अठरा वर्षांखालील मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढत असतो आणि स्क्रू त्याबरोबर वाढत नाही. गरोदर बहिणींनी बाळंतपणापर्यंत थांबावे.

खर्च आणि जाण्याची ठिकाणे

खाजगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा कॅपसह खर्च साधारण पंचवीस ते पन्नास हजार रुपये सांगितला जातो. कंपनी, कॅपचा प्रकार आणि हाड भरण्याची गरज यांवर तो कमी-जास्त होतो. घरकाम करणाऱ्या ताईच्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या दादाच्या घरात ही दोन-तीन महिन्यांची कमाई आहे. म्हणून पहिल्याच दवाखान्यात हप्त्याच्या कागदावर सही करू नका.

दंत महाविद्यालयांत खर्च कमी येतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने नेरूळला गेल्यास तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा ही खाजगी दंत महाविद्यालये आहेत. या ठिकाणी शिकाऊ डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, पण काम तपासले जाते. सरकारी ठिकाणीही इम्प्लांटच्या साहित्याचा खर्च रुग्णाकडे असू शकतो, तो आधी विचारावा. साधी तपासणी, दात काढणे, दाढ भरणे यांसाठी जवळचे ठिकाण म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या किंवा आयुष्मान कार्डावर इम्प्लांट होईल असे धरून चालू नका. ईएसआय कार्ड असलेल्यांनी दातांच्या कोणत्या उपचारांना ते चालते हे वागळे इस्टेटच्या ईएसआय रुग्णालयात विचारावे. साठ वर्षांवरील गरीब ज्येष्ठांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांबरोबर दातांची कवळीही तिच्या यादीत आहे. त्यासाठी शिबिरे भरतात. आपल्या भागात शिबिर कधी आहे याची चौकशी कार्यकर्त्यांनी करावी.

आणि एक इशारा. रस्त्याकडेला किंवा घरी येऊन ‘पक्का दात’ बसवून देणारे लोक शेजारच्या दातांना प्लास्टिकचा मसाला चिकटवतात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सडते आणि एकाच्या जागी तीन दात जातात. आपल्या देशात दंतवैद्यांसाठी १९४८ चा कायदा आहे. नोंदणी असलेल्या दंतवैद्याशिवाय कुणालाही हा धंदा करता येत नाही.

सही करण्याआधी विचारा

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

१. हा दात रूट कॅनॉल करून वाचवता येईल का?

२. माझ्यासाठी कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट यांपैकी काय योग्य आणि का?

३. इम्प्लांट कोण बसवणार? त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय?

४. स्कॅन, स्क्रू, जोड, कॅप, हाड भरणे, औषधे धरून एकूण खर्च किती? लेखी द्याल का?

५. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू आहे? त्याच्या डबीवरचे स्टिकर मला द्याल का?

६. स्क्रू धरला नाही तर पुढे काय? तेव्हाचा खर्च कुणाचा?

पाचवा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नाही. दहा वर्षांनी जोड ढिला झाला आणि तो दवाखाना तिथे नसला, तर त्या स्टिकरवरूनच दुसऱ्या डॉक्टरांना योग्य भाग मिळतो. ते स्टिकर रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.

बसवल्यावरही ब्रश चुकत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सडू शकते. त्यात नस नसल्यामुळे दुखत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. रोज दोनदा ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश आणि सहा महिन्यांनी तपासणी, एवढे करायलाच हवे.

आधी आपला दात वाचवा

आपल्या वस्तीत इतके दात जातात कशाने? दात काढायला काही शे रुपये लागतात आणि रूट कॅनॉल करून कॅप बसवायला काही हजार. शिवाय चार खेपा, म्हणजे चार खाडे. म्हणून आपण ‘काढूनच टाका’ म्हणतो. पण आज वाचवलेल्या त्या काही हजारांच्या जागी पुढे इम्प्लांटचा कित्येक पट खर्च उभा राहतो. छोटी कीड असतानाच दाढ भरून घेतली तर खर्च याहून किती तरी कमी येतो.

रोज दोनदा, त्यातही रात्री झोपताना, फ्लोराईड असलेल्या साध्या पेस्टने घासा. कोळसा, राख, मिसरी बंद करा. वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्या. खेळताना किंवा गाडीवरून पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, थंड दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. तो पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

तथागतांनी विनयात भिक्खूंना दातवण वापरायला सांगितले. डोळ्यांना हितकारक, तोंडाला वास येत नाही, चव कळते, अन्नावर कफ-पित्ताचे आवरण येत नाही आणि जेवण रुचते, असे पाच फायदे त्यासाठी दिले आहेत. दातांची काळजी हा चैनीचा विषय नव्हता, शिस्तीचा होता. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०-२०’ नावाची मोहीम चालू आहे. वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात तोंडात असावेत, एवढेच तिचे ध्येय. वीस दात असले की माणूस जवळजवळ सगळे खाऊ शकतो.

हे ध्येय आपल्या वस्तीलाही घेता येईल. भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून त्या पैशात विहारात दंत तपासणी शिबिर भरवता येते. दंत महाविद्यालये अशी शिबिरे घेतात, मंडळाच्या लेटरहेडवर विनंतीपत्र द्यावे लागते. वर्षावासात महिला मंडळाने एक दिवस मिसरी सोडण्यावर बोलावे. आणि ज्यांचे दात गेले आहेत त्यांनी लाजू नये, घाबरू नये. कवळी असो, ब्रिज असो की इम्प्लांट, माहिती घेऊन, आपल्या ऐपतीत बसेल ते निवडावे आणि भाकरी पुन्हा चावून खावी.